मायच्या गुडघ्याचा कोन

सुकळी, ता. आर्णी
४ मे २०२५, रविवार

दादा,

जयभीम. हे पाकीट पाहून तुला पहिल्यांदा वाटेल की माय गेली. माय आहे. आधी तेवढं वाच, मग खाली बस आणि पुढचं वाच.

पत्ता जमनाकाकूच्या लखीरामकडून घेतला. तो तांड्यावर लग्नाला आला होता. म्हणाला, धम्मदीपभाऊ चाकणच्या पुढे एका वर्कशॉपात आहेत, दवाखान्याच्या खाटा आणि शाळेची बाकं वेल्डिंग करतात. मी विचारलं, आमच्याबद्दल काही विचारतो का? तो म्हणाला, "एकच विचारते ताई, माय चालते का म्हणून." तर उत्तर असं की चालते. घरात भिंत धरून आणि अंगणात काठी घेऊन. चार वर्षांत याच्यापुढे गाडी गेलेली नाही.

चार वर्षांनी लिहिते आहे ते काम पडलं म्हणून. गोड बोलून मग काम सांगणं मला जमत नाही, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

मायसाठी खुर्ची करून दे. १० जुलैला आषाढी पौर्णिमा आहे, वर्षावास लागतो. पौर्णिमेपासून तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन आणि वाचणारी आपली माय, गावाची मथुराबाई, हे अकरा वर्षं गावात ठरलेलं होतं. आता गोविंदाभाऊ वाचतात. त्यांचं वाक्य कुठे थांबेल ते त्यांनाही आधी माहीत नसतं. बाया भिंतीला टेकून पेंगतात, आणि माय घरी खाटेवर बसून लाउडस्पीकरवर ते ऐकते आणि चुका मोजते. ती दुसरं काही मागत नाही. यंदा फक्त एवढं म्हणाली, "एक डाव वाचाले भेटलं असतं तं बरं झालं असतं."

विहारात सगळे सतरंजीवर बसतात. मायचा गुडघा रॉड टाकल्यापासून एकाच जागी अडकला आहे. सरळ होत नाही, धड वाकतही नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली की टाच जमिनीला लागत नाही, पाय समोर हवेत राहतो आणि दहा मिनिटांत बधिर होतो. मागच्या वर्षी आर्णीहून पाय टेकवायची पट्टी लावून आणली होती, वर-खाली करता येणारी, नटावर. वाचता वाचता नट घसरला आणि पाय धाडकन खाली गेला. सगळ्या विहारासमोर माय किंचाळली. त्या दिवसापासून ती विहाराची पायरी चढलेली नाही.

म्हणून नट नको आणि स्क्रू नको. वेल्डिंग पाहिजे. गुडघा ज्या कोनात आहे त्याच कोनात पट्टी, कायमची.

तो कोन सोबतच्या कागदावर आहे. पाय कागदावर ठेवून मांडीची रेघ आणि नडगीची रेघ ओढली. तो कागद कॅलेंडरचा होता, पाकिटात मावेना, म्हणून कंपासने तोच कोन या कागदावर उतरवला. लखीरामच्या फोनवर फोटो पाठवता आला असता. पण फोटो जरा तिरपा निघाला की कोन बदलतो, मी काढून पाहिला.

कंपास तुझाच आहे. पेटीच्या झाकणात टोकाने कोरलेलं तुझं नाव अजून दिसतं. खीळ ढिली झाली आहे. उघडलेला कंपास उचलून दुसरीकडे ठेवेपर्यंत त्याचे पाय हलतात आणि गेलं सगळं. मी दोरा गुंडाळून आवळला, तेव्हा कुठे तो जागेवर राहिला. मी सातवीत नापास होणार होते तेव्हा तू अंगणात खिळा आणि सुतळी घेऊन हे शिकवलं होतंस. कोपऱ्यावर टोक ठेवायचं, दोन्ही रेघांना कापणारी गोल रेघ मारायची. कंपास न हलवता नव्या रेघेवर तशीच गोल रेघ मारायची. मग पहिल्या कोनाचं तोंड कंपासने मोजायचं आणि तेवढंच तोंड नव्या ठिकाणी कापायचं. मी विचारलं होतं, पण हा कोन किती अंशाचा आहे? तू म्हणाला होतास, "अंश कायले पाह्यजे व तुले? अंश वाचताना डोया चुकते. कंपास चुकत नाई." माझ्या लक्षात आहे. पुष्कळ गोष्टी लक्षात आहेत.

करणार असशील तर कळव. नसशील तरी कळव, म्हणजे मी दुसरीकडे पाहीन.

उर्वशी


२५ मे २०२५

दादा,

तुझा पुठ्ठा पोचला. वेल्डिंगच्या सळ्यांच्या खोक्याचा आहे, वास येतो. एका बाजूला तू माझा कोन उतरवलास, दुसऱ्या बाजूला चार प्रश्न. बसायची उंची, मांडीची लांबी, गुडघा ते टाच, रुंदी. जयभीम नाही, कशी आहेस नाही. बरं केलंस. मलाही काय उत्तर द्यावं ते सुचलं नसतं.

तुझ्या पुठ्ठ्यावरचा कोन कापला आणि माझ्या कागदावर ठेवून खिडकीशी धरला. एक सुतभर फरक नाही. हात अजून तसाच आहे तुझा.

मापं घे. बसायची उंची एक फूट ठेव, तिला खाली बसल्यासारखं वाटलं पाहिजे. मांडी ४४ सेंटिमीटर, गुडघा ते टाच ४०, रुंदी ४६. माय खाटेवर पडलेली असताना टेपने घेतली. ती म्हणाली, "कोन बनवून राह्यला व खुर्ची?" मी म्हटलं, आर्णीचा एक जण आहे. तिने पुढे विचारलं नाही. तू बनवतो आहेस हे तिला सांगितलेलं नाही. का ते विचारू नकोस.

अंगणवाडीत उन्हाळ्याची वेळ सकाळची आहे, तरी घरी यायला दोन वाजतात. पोरं जातात, मग मोबाइलमध्ये भरत बसायचं. वजन भरा, उंची भरा, फोटो काढा. रेंज गावात दोनच ठिकाणी येते, विहाराच्या पायरीवर आणि आमच्या संडासाच्या मागे. घरी आले की कपड्यांची लोखंडी पेटी खोलीच्या मधोमध ओढून ठेवलेली असते. रोज. विचारलं की माय म्हणते, "झाडून राह्यलती." झाडून काय एवढं निघतं रोज? मी पायाने ढकलून ती भिंतीला लावते. खाटेखाली दोन विटा आणि छपराचं एक फुटकं कवेलू पडलेलं असतं, तेही बाजूला करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हातारी माणसं अशीच होतात असं जमनाकाकू म्हणते. ती स्वतः मायपेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे.

तुला वाटत असेल मी अजून रागावलेली आहे. हो, आहे. आता थोडा जुना झालाय एवढंच. पुसदला नर्सिंगला लागून मला दोन महिने झाले होते, दादा. पांढरा ड्रेस दोनदा धुतला होता फक्त. शेतातून रोही पळत गाडीला आडवं आलं, तू ब्रेक मारलास, माय मागून पडली. तुझ्या जागी कोणीही असता तरी हेच झालं असतं, हे मला त्याच दिवशी कळत होतं. तरी दवाखान्यात सगळ्यांसमोर तुला म्हटलं, तूच पाडलंस माझ्या मायला. मग नर्सिंग सुटलं. पाहायला आलेले दोघे मायचा पाय पाहून चहा पिऊन गेले, तिसरा आलाच नाही. तू चाकणला होतास. मला रोज सकाळी कोणावर तरी रागवायचं होतं आणि मायवर रागावता येत नव्हतं.

हे पत्र फाडणार होते. पण मापं पुन्हा लिहायचा कंटाळा आला, म्हणून तसंच पाठवते.

उर्वशी


२२ जून २०२५

दादा,

खुर्ची काल आली. ट्रॅव्हल्सवाल्याने आर्णीत सकाळी उतरवली, ऑटोत आडवी घालून आणली. अर्धं गाव पाहायला आलं. गोविंदाभाऊंनी तिच्यावर बसूनही पाहिलं.

चांगली केली आहेस, ते आधी सांगते. पाइपचे कोपरे घासून गोल केलेस, कुठे हाताला लागत नाही. गादी जाड आहे. आणि उजव्या बाजूला ग्रंथ ठेवायला तिरपा स्टँड. तो मी सांगितला नव्हता. त्याला खालून बारीक कड आहे, पुस्तक घसरू नये म्हणून. मायने त्या कडेवरून दोनदा बोट फिरवलं.

पण पाय बसत नाही.

पट्टी फार वर आहे. पाय ठेवला की गुडघ्यामागची शीर ताणते. पाच मिनिटं बसली, मग तोंड पांढरं पडलं. म्हणाली, "बसते, बसते, सवय होईन." मी पाय उचलून खाली घेतला. संध्याकाळी माझ्यामागे पुन्हा बसून पाहत होती, तेव्हाही तेच.

एक काम सांगितलं होतं तुला. कागद दिला, मापं दिली. पुठ्ठ्यावर बरोबर काढलास आणि लोखंडावर चुकलास. पाइप तापला की वाकतो म्हणतात, त्याकडे लक्ष द्यायला नको का? का कोणाच्या तरी हातात देऊन तू दुसरीकडे गेलास? तुला तेच जमतं.

पौर्णिमेला अठरा दिवस राहिले. मायने पांढरं पातळ काढून उशाशी ठेवलं आहे. गोविंदाभाऊंनी विहारात सांगूनही टाकलं की यंदा मथुराबाई वाचणार. आता मी तिला काय सांगू ते तूच सांग. मी दमले आहे, दादा. खरंच दमले आहे. लोकांना वाटतं खुर्ची आली म्हणजे झालं.

उर्वशी


२९ जून २०२५

दादा,

मागचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाक. पोचलं नसेल तर पोचल्यावर फाड.

तू चुकला नाहीस. खुर्ची आडवी करून पट्टीवर तुझा पुठ्ठा ठेवला. बरोबर. पुठ्ठ्यावर माझा कागद ठेवला. बरोबर. मग कॅलेंडरचा कागद काढला आणि तोही लावला. बरोबर. मग एकच गोष्ट राहिली होती लावून पाहायची. माय झोपली होती. तिच्या पायाखाली हळूच कॅलेंडर सरकवलं. मांडी रेघेवर आली आणि नडगी रेघेपासून चांगली चार बोटं खाली गेली.

ते कॅलेंडर २०२१चं आहे. प्लास्टर निघालं त्या एप्रिलमध्ये मीच तिचा पाय त्यावर ठेवून काढला होता, यवतमाळच्या डॉक्टरांना फरक दाखवायला. त्यांनी पाहिलंही नाही, म्हणाले आता असाच राहील. तो एक्स-रेच्या पाकिटात पडून होता. मे महिन्यात तुला लिहायला बसले तेव्हा मायला उठवायचं, पाय वर घ्यायचा, ती कण्हणार, मी चिडणार, एवढं सगळं कोणी करावं असं वाटलं. कागद होताच. पाय असाच राहील असं डॉक्टर म्हणालेच होते. मी कागदावरून कागद काढला आणि पायावरून काढला असं तुला भासवलं. टाच ते गुडघा मोजलं तेव्हा तिचा पाय माझ्या हातात होता. तरी मी पाहिलं नाही. मी फक्त टेप पाहिली.

तिला जाग आली. मी कॅलेंडर घेऊन तशीच बसले होते. विचारलं, माय, हा पाय कधीपासून वाकायला लागला?

"वाकवला म्हून वाकते. आपल्या मनानं कोनता पाय वाकते व?"

"कायले वाकवला पण? डॉक्टरनं तं सोडून द्या म्हटलं होतं."

"टॅव्हलमधी बसाले."

मला कळेना. मग तिने खुंटीच्या बाजूच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे एक सुतळी टांगलेली असते, टोकाला गाठ. मी ती दोन वर्षं पाहते आहे आणि काही तरी बांधायची असेल म्हणून सोडून देते. जमनाकाकू दोन वर्षांपूर्वी लखीरामकडे गेली होती, तेव्हा मायने तिच्याकडून ट्रॅव्हल्सच्या दोन सीटांमधली जागा सुतळीने मोजून आणली होती. बसल्यावर समोरच्या सीटपर्यंत पायाला जागा किती, ते. मी अंगणवाडीत गेले की माय खाटेच्या कडेवर बसायची आणि सुतळीच्या अंतरावर पेटी ओढून आणायची. ती पेटी म्हणजे समोरची सीट. तेवढ्या जागेत पाय मावला पाहिजे. मावायचा नाही. मग टाचेखाली दोन विटा ठेवून पाय सोडायची. दोनाची सवय झाली की एक वीट. एकीची झाली की नुसतं कवेलू. दोन वर्षं रोज दुपारी. वाकत गेला तसा तो पहिल्यासारखा सरळ व्हायचा राहिला, म्हणून तुझ्या पट्टीवर शीर ताणते. आणि मी रोज घरी येऊन तिची सीट भिंतीला लावून ठेवत होते.

मी विचारलं, "कुठी जाची होती तुले?"

"पुन्याले. पोरगा फोनच करत नाई, आपन केला तं उचलत नाई, असं तूच म्हनते. मंग? जाऊन पाह्यलं पाह्यजे ना, का झालं त्याले."

आता मी तुला ते लिहिते जे लिहायचं नव्हतं. तू फोन करत होतास. पहिल्या वर्षी दर रविवारी, मग महिन्याने. शेवटी तुझा नंबर मी ब्लॉक केला. तू जमनाकाकूच्या फोनवर केलास तेव्हा काकूच्या हातातून घेऊन मी म्हटलं, माय झोपली आहे. आणि तू गेलास त्या आधीच्या दिवशी मी तुला विहिरीजवळ जे सांगितलं, की माय म्हणते मला त्याचं तोंड पाहायचं नाही, ते मायने म्हटलं नव्हतं. तिने कधीच म्हटलं नाही. प्लास्टरमध्ये होती तेव्हा ती सारखी विचारायची, धम्मदीप जेवला का. ते मी तुला सांगितलं नाही.

तू थांबायला तयार होतास. मीच घालवलं तुला, आणि मग तू गेलास म्हणून चार वर्षं तुलाच बोलत राहिले. मायला सांगितलं तू फोन उचलत नाहीस. सुरुवातीला रागात बोलले होते. नंतर राग थोडा उतरला, पण तेव्हा खरं सांगायला फार उशीर झाला होता, म्हणजे मला तसं वाटलं. तुझाही जुनाच कागद धरून बसले होते मी. दवाखान्याच्या व्हरांड्यात खाली मान घालून उभा असलेला. तू त्यानंतर कसा झालास ते पाहिलंच नाही.

मायला अजून हे सांगितलेलं नाही. सांगायचं आहे. तिला पेटी परत ओढून दिली आणि बाहेर येऊन भांडी घासली. हे लिहिताना हात अजून राखेचे आहेत, डाग पडले तर तेच समज.

उर्वशी


११ जुलै २०२५

दादा,

मायला सांगितलं. रविवारी सकाळी, ती कापूस निवडून वाती करत होती तेव्हा. सगळं सांगितलं, विहिरीजवळचंही. मला वाटलं ओरडेल. ती वात वळत राहिली. मग म्हणाली, "मले त्याचं तोंड पाहाचं नाई, असं मी कवा म्हटलं व?" मी म्हटलं, नाही म्हटलंस. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मग तिसऱ्यांदाही.

दोन दिवस माझ्या हातची भाकर खाल्ली नाही. जमनाकाकू डबा आणायची आणि माझ्याकडे न पाहता ठेवून जायची. तिसऱ्या दिवशी माय म्हणाली, "पोरी, तुये बी दोन वर्स पुसदले गेले असते ना." बस, एवढंच. नर्सिंगचं बोलत होती. मला वाटलं होतं ते तिच्या लक्षातही नसेल. मी चुलीपुढे बसून पोटभर रडले, आणि तिने मला रडू दिलं.

काल पौर्णिमा होती. मी म्हटलं होतं, आर्णीला नेऊन पट्टी कापून आणू, पौर्णिमेच्या आधी दुसरी लावून मिळेल. तर म्हणाली, "कोनी हात लावू नका. ज्यानं लावली त्यालेच कापू द्या." मग तशीच खुर्ची नेली. गोविंदाभाऊ आणि मी दोन बाजूंनी धरून, मागून माय काठीवर, तिच्या मागून जमनाकाकू एका हातात वीट आणि एका हातात कवेलू घेऊन. तांड्याची बाई विहारात वीट घेऊन काहून येऊन राह्यली, असं कोणी तरी विचारलं. काकू म्हणाली, "मथुरेचा पाय हाय हा, माह्या हातात."

माय खुर्चीत जरा तिरपी बसली. पाय पट्टीवरून खाली, विटेवर कवेलू, कवेलूवर टाच. बरं दिसत नव्हतं. पण ती बसली. ग्रंथ तुझ्या स्टँडवर ठेवला, चष्मा लावला आणि वाचायला लागली. दादा, तिचा आवाज तसाच आहे. बाया ताठ बसल्या. गोविंदाभाऊ पहिल्या रांगेत डोळे मिटून ऐकत होते, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे.

दुसऱ्या पानावर ती मधेच थांबली. मला वाटलं पाय दुखला, मी उठले. तिने हाताने मला बसवलं. चष्मा काढला आणि सगळ्यांना म्हणाली, "हे पुस्तक ठेवाचं हाय ना, हे माह्या पोरानं बनवलं. धम्मदीपनं." मग चष्मा लावून जिथे थांबली होती तिथूनच पुढे वाचलं. सव्वा तास वाचलं.

तुझा नंबर मोकळा केला आहे. मायला म्हटलं लावून देते. ती म्हणते, "फोन नको. फोनवर मानूस दिसते का?" मी म्हटलं दिसतं, व्हिडिओवर. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन खिशात टाकला.

काल सकाळी तिचा पाय वर घेऊन, खरंच पायावरून, नवा कोन काढला. कंपासने या कागदाच्या मागे उतरवायला घेतला. ती खाटेवरून पाहत होती. म्हणाली, "कायले पाठवते? तो पोचेपर्यंत मी आखीन वाकवते." खरं आहे ते. ती थांबलेली नाही. दुपारी दोन वाजता पेटी पुन्हा मधोमध असते.

म्हणून कोन पाठवत नाही. तूच येऊन पायावरून घे. वेल्डिंगची मशीन आर्णीत मिळते, विचारून ठेवलं आहे. कंपास इथेच आहे आणि खिळीवरचा दोरा मी सोडलेला नाही. माझ्याशी बोललास तर बोल, नाही बोललास तरी चालेल, ते मी कमावलेलं आहे. पण तिच्यासाठी ये.

तू नाही आलास तर ती निघेल, हे सांगून ठेवते. सुतळी खिळ्यालाच आहे, आणि पेटी मी आता भिंतीला लावत नाही.

उर्वशी